काकांच्या नऊ सुऱ्या: एका संग्रहाचं मोल ठरवताना

पार्श्वभूमी

काका गेले आणि कपाटाच्या खालच्या खणातून नऊ सुऱ्या निघाल्या. प्रत्येक आपापल्या म्यानात, सगळी म्यानं एका जुन्या चादरीत गुंडाळलेली, आणि वर निळ्या पुठ्ठ्याची एक वही. पुतण्या एकुलता वारस. सुऱ्यांमधलं त्याला काही कळत नव्हतं आणि ते तो मोकळेपणानं सांगायचा. काकांनी पंचवीसेक वर्षं आणि कमाईतला बराच वाटा या नादात घातला, एवढंच घरात ठाऊक होतं.

मी संग्राहक आहे, व्यापारी नाही. काकांशी माझी ओळख पत्रापुरती होती. वहीत माझं नाव सापडलं म्हणून पुतण्यानं मला गाठलं. "दादा, एकदा नजर टाका आणि आकडा सांगा, पुढचं मी बघतो," असं त्याचं म्हणणं. मोल सांगायचे मी पैसे घेत नाही, त्यामुळे चुकलो तर कोणी जाब विचारत नाही. या प्रकरणात मी दोनदा चुकलो. ते पुढे येईलच.

खऱ्या रकमा इथे देत नाही. काकांनी नऊ सुऱ्यांसाठी वेळोवेळी मोजलेली एकूण रक्कम १०० धरली आहे आणि बाकीचे सगळे आकडे त्याच मापात आहेत. महागाई हिशेबात घेतलेली नाही. ती घेतली तर चित्र आणखी फिकं दिसेल.

सगळ्यांत देखणी होती ती ड्रॉप पॉइंट हंटर, म्हणजे पाठीकडून टोक खाली उतरत आलेली शिकारी सुरी. पातं १५४सीएम पोलादाचं, मूठ सांबरशिंगाची. निर्माता आता हयात नाही. त्याच्या शेवटच्या काळात लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबत. काकांनी ती थेट त्याच्याकडून २२ ला घेतली होती. त्याच निर्मात्याची एक लहान सुरी, ९ ची. मग दमास्कस, म्हणजे थरांवर थर देऊन घडवलेल्या पोलादाच्या पात्याची आणि हस्तिदंती मुठीची एक घडीव बोवी (मोठ्या, लांब पात्याची सुरी), ३०. नक्षीकाम केलेला एक लायनर लॉक फोल्डर, म्हणजे कुलपाचा घडीचा चाकू, २५. कारखान्यात बनलेले टायटॅनियमचे दोन फ्रेम लॉक चाकू (घडीचेच, पण यांत मुठीचाच एक भाग सरकून पात्याला अडवतो), दोन्ही मिळून ८. उरलेल्या तीन साध्या, मिळून ६.

अडचण काय होती

माझ्याकडे येण्याआधी पुतण्यानं दोन कामं उरकली होती.

पहिलं, विक्रीला लागलेल्या अशाच सुऱ्यांच्या किमती शोधून त्यानं बेरीज केली होती. ती आली ३४५. त्यातले १३० एकट्या हंटरचे, ९५ बोवीचे, ६० लायनर लॉकचे, ४५ लहान सुरीचे. कागद नीट आखलेला, प्रत्येक आकड्यासमोर तो कुठून घेतला त्याची नोंद. मेहनतीत खोट नव्हती. फक्त हे सगळे आकडे विकणाऱ्यांनी मागितलेले होते. मागितलेली किंमत म्हणजे जी सुरी अजून विकली गेलेली नाही तिची किंमत. त्यातल्या काही सुऱ्या मी स्वतः तीन-तीन वर्षं त्याच आकड्याला पडून असलेल्या पाहिल्या होत्या.

दुसरं काम अधिक महागात पडलं. म्यानातून काढल्यावर लहान सुरीच्या पात्यावर तपकिरी ठिपके दिसले, म्हणून त्यानं ती एका कारागिराकडून फिरत्या चाकावर चकचकीत करून घेतली. "नव्यासारखी झालीय बघा," म्हणत त्यानं ती माझ्या हातात दिली तेव्हा मला काय बोलावं कळेना. पाहताक्षणी ती खरंच सुंदर दिसत होती. पण पात्याचा उतार जिथे सुरू होतो ती रेघ मूळची धारदार कंगोऱ्यासारखी असते. ती आता साबणाच्या वडीसारखी गोल झाली होती. निर्मात्याच्या ठशातल्या दोन अक्षरांच्या कडा पुसट झाल्या होत्या. मुठीजवळच्या खाचेत पॉलिशचा काळा मळ अडकला होता.

हंटर आणि बोवीही त्याच कारागिराकडे जाणार होत्या. वेळ ठरलेली होती, दोन दिवसांनंतरची.

सुऱ्या हातात घेतल्यावर

पहिला निर्णय सोपा होता: चाकाला काही लावायचं नाही. ठिपके हंटरच्या पात्यावरही होते. ते का पडले ते आधी पाहिलं. चामड्याच्या कमावणीतली आम्लं आणि क्षार म्यानातच राहतात आणि दमटपणा धरतात. १५४सीएममध्ये क्रोमियम सुमारे १४ टक्के असतं, म्हणून ते गंजाला दाद देत नाही असं लोक धरून चालतात. पण बंद म्यानात वर्षानुवर्षं ठेवलं तर तेही हार खातं. हंटरचा गार्ड, म्हणजे पातं आणि मूठ यांच्यामधली धातूची आड, निकेल सिल्व्हरचा होता. नाव चांदीचं असलं तरी त्यात चांदी नसते, तांबं भरपूर असतं, म्हणून त्याच्या कडेला हिरवट मेणासारखी साय चढली होती. ती लाकडी काडीनं अलगद निघाली. पात्यावरचे ठिपके मी पातळ खनिज तेल लावून मऊ कापडानं पुसले. निम्मे गेले, निम्मे राहिले. राहिले ते राहू दिले. वरून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात दिला. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात तयार झालेलं हे मेण संग्राहकांच्या घरोघरी असतं. म्यानं वेगळी ठेवली, पण फेकली नाहीत. मूळ म्यान नसलेली हंटर म्हणजे झाकण हरवलेला डबा.

आता मोल. हंटर हातात घेतली की मी पहिल्यांदा ती नळीच्या दिव्याखाली धरतो. आरशासारख्या पात्यात दिव्याची सरळ रेघ उमटते. पातं हळूहळू फिरवलं की ती रेघ टोकाकडे सरकत जाते. कुठे लचकली, थरथरली, तर तिथे घासताना हात कमीजास्त पडला. या सुरीत ती टाचेपासून टोकापर्यंत तारेसारखी सरळ गेली. मग दोन्ही बाजूंचे उतार सारख्याच जागी सुरू होतात का ते पाठीकडून पाहायचं. मग गार्ड आणि पातं यांच्यामधली फट: तिथे नख अडकलं नाही पाहिजे, उजेड तर दिसताच कामा नये. शेवटी टँग, म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग. तो मागे निमुळता होत गेला असेल तर तोल पुढे, बोटांजवळ येतो. असा टँग करायला दुप्पट काम पडतं, कारण मुठीच्या दोन्ही पट्ट्या तिरक्या बसवाव्या लागतात.

ही सगळी परिभाषा बहुतांशी अमेरिकी सुरी-निर्माते बॉब लव्हलेस (१९२९–२०१०) यांच्यामुळे रुळली. ड्रॉप पॉइंट हंटर आणि निमुळता टँग त्यांनी लोकप्रिय केले, १५४सीएम पोलाद १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हातबनावटीच्या सुऱ्यांमध्ये आणलं, आणि १९७० साली स्थापन झालेल्या नाइफमेकर्स गिल्डच्या संस्थापकांपैकी ते एक. काकांचा निर्माता त्याच वळणाचा. लव्हलेस यांच्या सुऱ्या बदलत्या ठशांवरून कोणत्या काळातल्या ते ओळखता येतं, आणि त्याच ठशांच्या नकला करून बनावट सुऱ्याही भरपूर फिरल्या. त्यामुळे या घराण्यातली कोणतीही सुरी समोर आली की संग्राहक आधी ठसा पाहतो आणि मग कागद मागतो.

लहान सुरीबाबत पुसट ठसा इथे आडवा आला. ती त्याच निर्मात्याची आहे याबद्दल मला शंका नव्हती. पण अनोळखी गिऱ्हाइकाला शंका आलीच असती, आणि त्याला दोष कसा देणार?

बोवीचं वेगळंच. तिच्या पात्यावर एमएस, म्हणजे मास्टर स्मिथ, अशी अक्षरं होती. ही पदवी अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची. सुऱ्या घडवणाऱ्यांची ही संस्था १९७६ साली बिल मोरान (१९२५–२००६) यांच्या पुढाकारानं सुरू झाली; त्याआधी १९७३ च्या गिल्डच्या प्रदर्शनात दमास्कस सुऱ्या मांडून त्यांनीच त्या कलेकडे पुन्हा लक्ष वेधलं होतं. सोसायटीच्या परीक्षेत सुरीनं टांगता दोर एका वारात तोडायचा, लाकडाच्या जाड पट्ट्या फोडायच्या, त्यानंतरही हातावरचे केस उतरवायचे, आणि शेवटी पातं शिकंज्यात धरून ९० अंशांत वाकवलं तरी तुटता कामा नये. मास्टर स्मिथच्या परीक्षेला ही सुरी दमास्कसची आणि किमान ३०० थरांची लागते. पुतण्याला वाटलं, काकांची बोवी या कसोट्यांतून गेली आहे. पण तसं नसतं. परीक्षेची सुरी वाकवून संपते. ठसा माणसाच्या पदवीचा असतो, प्रत्येक सुरीच्या तपासणीचा नसतो. तरीही त्या पदवीला बाजारात वजन आहे, आणि पातं खरोखर अव्वल होतं: थरांची नक्षी पाठीवरून वळून दुसऱ्या बाजूला सलग उतरत होती, म्हणजे वरवर कोरलेली नव्हती.

घोडं अडलं मुठीशी. मुठीच्या बुडाला भिंगातून पाहिलं की एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात. मॅमथच्या दातात त्यांचा कोन ९० अंशांहून कमी असतो, हत्तीच्या दातात ११५ हून जास्त. इथे तो चांगलाच रुंद होता. हत्तीच. आफ्रिकी हत्ती १९८९ मध्ये साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेल्यापासून अशा वस्तूची सीमापार विक्री जवळपास बंद आहे आणि बऱ्याच देशांत अंतर्गत विक्रीवरही बंधनं आहेत. मूठ कधीची, दात कधीचा, याचा एकही कागद काकांकडे नव्हता. शिवाय पिनेपासून निघालेली केसाएवढी भेग होतीच. कोरड्या हवेत हस्तिदंत आकसतो आणि पिन जागची हलत नाही.

लायनर लॉक मी दहा वेळा उघडला आणि मिटला. ही कुलपाची पद्धत आजच्या रूपात मायकेल वॉकर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणली: आतली पातळ पट्टी स्प्रिंगसारखी सरकून पात्याच्या टाचेला टेकते. नव्या चाकूत ती टाचेच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात थांबावी. इथे ती जवळजवळ पलीकडच्या कडेला पोचली होती. काकांनी तो हातात घेऊन बराच खेळवला असणार. माणूस संध्याकाळी खुर्चीत बसून खटक-खटक करत असेल, असं मला उगाच वाटून गेलं.

माझा पहिला अंदाज असा होता: हंटर ८०, बोवी ३५, लायनर लॉक २०, लहान सुरी १२, दोन फ्रेम लॉक ७, बाकी तीन ४. एकूण १५८. पुतण्याचा चेहरा उतरला. त्यानं विचारलं, "म्हणजे निम्म्याहून कमी?" मी म्हटलं, तुझा आकडा मागणीचा आहे आणि माझा गेल्या दोनेक वर्षांत प्रत्यक्ष पैसे हातात पडलेल्या व्यवहारांचा. हंटरसाठी मला असे तीनच व्यवहार सापडले होते. तीन म्हणजे फार नव्हे, पण या धंद्यात तीन मिळाले तरी नशीब.

शिंग की मायकार्टा

हंटरला कागद हवा म्हणून आम्ही निर्मात्याच्या मुलाला लिहिलं. वडिलांच्या वर्कशॉपची नोंदवही त्यानं जपून ठेवली होती. सुरीचे, ठशाचे, टँगच्या कडेचे फोटो पाठवले. उत्तर आठवड्यात आलं: काकांचं नाव आहे, महिना जुळतो, पातं जुळतं, पोलाद जुळतं. मात्र मुठीच्या रकान्यात "हिरवा मायकार्टा" असं लिहिलं आहे.

मायकार्टा म्हणजे कापडाचे थर राळेत दाबून केलेलं कृत्रिम साहित्य. आणि आमच्या हातात होतं सांबरशिंग.

याचे दोनच अर्थ निघत होते. एक, मूठ नंतर कोणीतरी बदलली. मग सुरी निम्मी निर्मात्याची उरली आणि माझ्या लेखी ती ४५ च्या वर जात नाही. दोन, सुरी बनतानाच बेत बदलला आणि वहीतली नोंद दुरुस्त करायची राहून गेली. तसं असेल तर उलट भाव चढतो, कारण भारतानं सांबरशिंगाची निर्यात थांबवल्यापासून असं जुनं, दाट, खडबडीत सालीचं शिंग मिळत नाही.

मी दोन तास भिंग लावून बसलो. मुठीची पट्टी आणि टँग जिथे एकत्र येतात तिथे निर्माता दोन्ही एकदमच घासतो. त्यामुळे अखेरच्या घासणीचे बारीक ओरखडे पोलादावरून गार्डवर आणि तिथून शिंगावर सलग जातात. मूठ नंतर बदलली तर नवं शिंग टँगच्या पातळीला आणताना पोलादाला पुन्हा कानस लागतेच. तिथे ओरखड्यांची दिशा बदलते, किंवा नखाला जाणवेल इतकी पायरी राहते. इथे पायरी नव्हती. ओरखडे सलग होते. माझं मत ठाम झालं की शिंग मूळचंच.

पण माझं मत म्हणजे कागद नव्हे. पुतण्या म्हणाला, "त्या रकान्याचं कोणाला सांगायलाच हवं का? मुलानं पातं तर ओळखलंय." प्रश्न अगदी व्यवहारी होता आणि त्यानं तो लबाडीनं विचारला नव्हता. माझं उत्तर असं होतं की ही नोंदवही त्या मुलाकडे कायम राहणार आहे. पुढचा मालक त्याला एक पत्र टाकेल आणि त्याच दिवशी ही सुरी, आपण आणि माझा शब्द तिन्ही बाद होतील. नोंद आणि भिंगातून काढलेले फोटो दोन्ही सोबत द्यायचे, असं ठरलं. यामुळे किंमत पडणार हे दोघांनाही माहीत होतं.

कुठे विकायचं: तोललेले पर्याय

चार वाटा होत्या. लिलाव, व्यापाऱ्याला ठोक, व्यापाऱ्याकडे विक्रीसाठी ठेवणं, किंवा थेट संग्राहकाला.

लिलावाचं आकर्षण पुतण्याला फार. दोघेजण पेटले की भाव कुठल्या कुठे जातो, ही त्याची समजूत चुकीची नाही. पण लिलावात दोन्हीकडून कात्री लागते. समजा घेणाऱ्याच्या खिशात १०० आहेत आणि लिलावगृह त्याच्याकडून बोलीवर २५ टक्के जास्तीचे घेतं. मग तो ८० लाच थांबतो. त्या ८० मधून विकणाऱ्याचं १० टक्के कमिशन गेलं की हातात ७२. आणि ज्या सुरीच्या कागदात एक प्रश्नचिन्ह आहे, तिच्यासाठी सभागृहात कोणी पेटत नाही. वर्णनातली ती एक ओळ वाचून माणसं हात खाली ठेवतात.

ठोक घेणाऱ्या एका व्यापाऱ्यानं हंटरसाठी ३८ सांगितले. पुतण्याला हा अपमान वाटला. मला वाटला नाही. व्यापाऱ्याला ती सहा महिने किंवा तीन वर्षं सांभाळायची, शंकेचं ओझं स्वतःवर घ्यायचं आणि वर चार पैसे सोडवायचे. विक्रीसाठी ठेवून घ्यायला तो तयार होता, पण विमा कोणाचा यावर बोलणं फिसकटलं.

थेट विक्रीला वेळ लागतो आणि विश्वास लागतो. वेळ पुतण्याकडे होता. विश्वासासाठी काकांची पत्रापत्रीची माणसं होती.

काय केलं

वहीतल्या नावांपैकी चौघांना आम्ही हंटरचं पूर्ण टिपण पाठवलं: राहिलेले ठिपके कुठे आहेत ते पात्याच्या आकृतीवर खूण करून, म्यानाची अवस्था, धार कधी लावलेली नाही हे, मुलाच्या पत्राची प्रत आणि भिंगाचे फोटो. किंमत ८० मागितली. दोघांनी आभार मानून नकार दिला. एकानं ५० म्हटलं. चौथ्यानं दहा दिवस घेतले, येऊन सुरी पाहिली, माझ्यासारखाच दिव्याखाली धरून बसला, टँगच्या कडेवरून चार वेळा नख फिरवलं आणि म्हणाला, "शिंग मूळचं आहे असं मलाही वाटतं. पण उद्या मला विकायची झाली तर हेच सगळं मला दुसऱ्याला पटवावं लागेल. त्याचे पैसे मी तुम्हाला कसे देऊ?" ६४ वर सौदा झाला.

फ्रेम लॉक दोन दिवसांत गेले, ६.५ ला. या चाकूंची गंमत अशी की त्यांचं मोल ठरवायला माझी गरजच नव्हती. ख्रिस रीव यांच्या सेबेन्झा नावाच्या चाकूपासून रूढ झालेल्या या जातीचे कारखानी चाकू इतक्या संख्येनं हात बदलतात की भाव सगळ्यांना तोंडपाठ असतो. डबा आणि कारखान्याचं कार्ड असेल तर थोडा वर, पात्याला वेडीवाकडी धार लावलेली असेल तर थोडा खाली. पोलादाची फॅशनही इथेच चालते. एस३०व्ही २००१ मध्ये आलं तेव्हा त्याचं केवढं कौतुक; २०२१ मध्ये मॅग्नाकट आल्यावर तेच जुनं वाटू लागलं. हंटरसारख्या सुरीत मात्र पोलाद बदललं म्हणून कोणी पाठ फिरवत नाही. तिथे ते त्या काळाचं असण्यालाच मान असतो.

लायनर लॉकनं माझं नाक कापलं. तो एका तरुण निर्मात्याचा होता. एके काळी त्याचे चाकू सोडत काढून विकले जात आणि ज्याला सोडत लागली तो दुसऱ्या दिवशी दुप्पट भावानं पुढे ढकलत असे. काकांनी तो असाच दुसऱ्या हातून, ऐन गरमागरमीत घेतला होता. पुढे निर्मात्यानं माणसं ठेवली, चाकू जास्त निघू लागले, आणि रांग विरली. मी अंदाज बांधला तो दोन वर्षांपूर्वीच्या व्यवहारांवरून. मधल्या काळात काय झालं ते पाहिलंच नाही. सरकलेल्या लॉकसकट तो ११ ला गेला.

लहान सुरी त्याच हंटरवाल्यानं ७ ला घेतली, "जोडी मोडायला नको" म्हणून. तीन साध्या मिळून ४. बोवी विकली नाही.

निकाल

बोवी सोडून आठ सुऱ्यांवर काकांनी ७० घातले होते. पुतण्याच्या हाती ९२.५ आले. त्याच आठांचा माझा अंदाज १२३ होता, त्याचा स्वतःचा २५०.

त्याला सगळ्यात लागली ती एक तुलना. एकाच हाताच्या दोन सुऱ्या, एकाच कपाटात, एकाच प्रकारे ठिपकाळलेल्या. ठिपक्यांसकट विकलेल्या हंटरला खरेदीच्या जवळजवळ तिप्पट मिळाले. चकचकीत केलेली लहान सुरी खरेदीच्याही खाली गेली. प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळा फरक पॉलिशचा नाही. हंटरचा आकार जास्त मागणीचा आणि शिंग दुर्मीळ. पण ती सुरी चाकावर गेली नसती तर मी तिला २० ते २५ म्हटलं असतं, आणि हंटरवाल्यानंही मला साधारण तोच आकडा सांगितला. ठिपके पुढच्या मालकाला हवे तेव्हा काढता येतात. गोल झालेली कडा परत धारदार करायची तर उरलेलं पोलादही घासावं लागतं, आणि ते करणारा हात आता नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पुतण्यानं आधी विचारायला हवं होतं, हे म्हणणं सोपं आहे. त्याला काय ठाऊक? काकांनीच कपाटात एक चिठ्ठी ठेवली असती, "काही पुसू नका, याला विचारा" एवढीच, तरी लहान सुरी वाचली असती. मी माझ्या सुऱ्यांजवळ तेव्हापासून अशी चिठ्ठी ठेवली आहे. म्यानांपासून सुऱ्याही वेगळ्या केल्या आहेत, जे मी इतरांना वर्षानुवर्षं सांगत होतो आणि स्वतः निम्म्याच केल्या होत्या.

लायनर लॉक लगेच, आधी विकायला हवा होता. ज्याचा भाव घसरत चालला आहे तो बाजूला ठेवून आम्ही हंटरच्या मागे चार महिने घालवले.

बोवीबद्दल अजून माझं मत पक्कं होत नाही. मूठ काढून दुसरी बसवावी, म्हणजे विकता येईल, असं एकानं सुचवलं. कायद्याची अडचण सुटेल. पण मग हंटरच्या बाबतीत ज्याची आम्हाला भीती होती तेच आम्ही स्वतःच्या हातानं बोवीला करणार. निर्माता हयात आहे आणि त्यानं स्वतः बदलून, तसं लिहून दिलं तर गोष्ट वेगळी. पुतण्यानं त्याला अजून लिहिलेलं नाही. मीही घाई करत नाहीये.

आणि वही. तिच्यातल्या नोंदी मी वाचल्या, नावं काढली, पण तिचा पुठ्ठा तपासला नाही. हंटर जाऊन सात आठवडे झाल्यावर पुतण्यानं वहीला नवं कव्हर घालायला काढलं, तेव्हा मागच्या पुठ्ठ्याच्या अस्तरामागे एक पोस्टकार्ड सापडलं. निर्मात्याच्या हातचं, तिरकं, घाईतलं अक्षर: चांगलं शिंग हाती आलंय, मायकार्टाऐवजी तेच लावतोय, नको असेल तर आठवड्यात कळवा, पैसे तेवढेच.

त्यानं मला फोन केला. कार्ड आता कोणाचं, असं त्यानं विचारलं. मी काही बोलायच्या आतच म्हणाला, "सुरीबरोबरच जायला हवं ना ते?" दुसऱ्या दिवशी नोंदणीकृत टपालानं पाठवलं. आठवड्याभरानं घेणाऱ्याचा फोटो आला: हंटर, तिच्याखाली म्यान, आणि कडेला काचेखाली ते कार्ड. सोबत लिहिलं होतं की बोवीच्या निर्मात्याला तो ओळखतो, हवं असेल तर पत्ता देईल.